शिफारस आवाक्यातल्या गोष्टीची करावी की आवडलेल्या?

भुसावळकर:
दिवाळीला आलेल्या भाचीने "मामा, निखळ करमणूक होईल असे काहीतरी सुचवा" म्हटल्यावर मी तिला दोन चित्रपट आणि एक पॉडकास्ट सांगितले. नाटक एकही सांगितले नाही, आणि त्यावरून घरात वाद झाला. माझे म्हणणे असे की, ज्याला आपण काही सुचवतो त्याला ते गाठता आले पाहिजे; मुंबई-पुण्याच्या नाटकांचे दौरे आपल्याकडे खान्देशात क्वचित येतात आणि आलेच तर एखाददुसऱ्या प्रयोगाने परत फिरतात. मी पहिले नाव घेतले ते 'सुपरमेन ऑफ मालेगाव' या २००८ च्या माहितीपटाचे. यंत्रमागांच्या गावातली हौशी माणसे तुटपुंज्या पैशांत स्वतःचा सुपरमॅन कसा उडवतात, हे त्यात तासाभरात दिसते आणि हसता हसता घसा दाटून येतो. (मालेगाव नाशिक जिल्ह्यात मोडते हे ठाऊक आहे, पण त्या पट्ट्यातही अहिराणी बोलली जाते, तेव्हा ते मला परके वाटत नाही.) दुसरे नाव 'हरिश्चंद्राची फॅक्टरी', कारण फाळक्यांच्या खटपटीची गोष्ट तिथे रडगाणे न करता सांगितली आहे. पॉडकास्ट सुचवला तो मुलाखतींचा, 'मित्रम्हणे'.

जळगावकर:
भाऊ, आपल्या कसोटीने गेलो तर भाचीला आयुष्यात एकही चांगले नाटक कळायचे नाही. 'संगीत देवबाभळी' मी नाशिकला कालिदास कलामंदिरात पाहिले. तुकोबांची भाकरी घेऊन डोंगराकडे निघालेल्या आवलीच्या पायात काटा रुततो, तो विठ्ठल काढतो, आणि मग तिच्या सेवेसाठी रखुमाई लखुबाई होऊन घरात येते. एवढ्या कथेवर दोन अभिनेत्री अख्खे नाटक गाऊन-बोलून पेलतात. विठ्ठलाविषयी या दोघींची जी तक्रार आहे ती ऐकताना शेजारच्या खुर्चीतल्या अनोळखी बाईंचा हुंदका कानावर आला. तो हुंदका मोबाइलवर कुठून येणार? भुसावळहून नाशिकरोडला दिवसभर गाड्या आहेत.

रावेरकर:
गाड्या आहेत, पण केळीची कापणी चालू असताना दोन दिवस बाग कोण सोडतो? माझी करमणूक कानातच होते. तरीही पॉडकास्टच्या निवडीबाबत माझे भुसावळकरांशी जमत नाही. दीड-दोन तासांच्या मुलाखतीत पाहुणा मोकळा होईपर्यंत अर्धा तास निघून जातो, आणि सूत्रसंचालकाने मध्येच हसणे म्हणजे विनोद नव्हे. नव्या माणसाला पूर्ण पॉडकास्ट सुचवण्यापेक्षा एखाद्या जुन्या नटाची किंवा गायकाची एकच मुलाखत नेमकी सांगावी; ती आवडली तर पुढचे तो आपण होऊन शोधतो.

धुळेकर:
माहितीपटाला वरचढ ठरवणे मला पटत नाही. त्यात एका चित्रपटाची जुळवाजुळव दिसते. रीमा कागती यांचा त्याच मंडळींवरचा चित्रपट 'सुपरबॉईज ऑफ मालेगाव' २०२५ साली चित्रपटगृहांत आला. त्याची कथा १९९७ पासून सुरू होते, आणि म्हणून लेखक, दिग्दर्शक व मित्र यांच्यातले रुसवे-फुगवे, श्रेय कोणाचे हा तिढा, हे सारे त्यात मुरत जाते. माहितीपट पाहून मला कौतुक वाटले; चित्रपट पाहून मी एका जुन्या मित्राला फोन केला.

शहादेकर:
आपण सारे पडद्यात आणि इअरफोनमध्ये अडकलेले दिसता. सारंगखेड्याच्या दत्त जयंतीच्या यात्रेत लोक घोडे पाहायला येतात, पण खान्देशातल्या यात्रांमधला खरा जिवंत खेळ म्हणजे कनातीतला तमाशा. गण, गवळण, बतावणी आणि रात्री उशिरा रंगणारा वग पाहिल्याशिवाय सोंगाड्याची हजरजबाबी कळत नाही, कारण समोरच्या गावाचे नाव घेऊन तो तिथल्या तिथे कोटी करतो. नाटकासाठी नाशिक गाठावे लागते. तमाशा आपल्या दारी येतो, तरी त्याची शिफारस कोणी केली नाही. घरच्या बायकांना तिथे नेत नाहीत हे मला ठाऊक आहे, आणि ते मला मान्य नाही.

भुसावळकर:
शहादेकरदादा, गाठता येण्याची माझी कसोटी आपण माझ्यावरच उलटवली, हे कबूल करतो. तमाशा माझ्या मनातही आला नव्हता, आणि त्याचे कारण अंतर नसून संकोच होता. भाचीला यंदा सारंगखेड्याला नेईन, तिच्या आईने परवानगी दिली तर. जळगावकरांचे नाटकही यादीत घेतो, मात्र खाली. धुळेकरांशी मात्र तडजोड नाही: चित्रपटातले मित्र नट आहेत, माहितीपटातले खरे, आणि उडणाऱ्या सुपरमॅनची ती वेडी खटपट खऱ्यांनीच केलेली मला पाहायची आहे.