कमावती मुलगी टेंडरवाल्या फर्ममध्ये, फाइल वडिलांच्या टेबलावर: सल्ला कोणाचा घ्यावा?

राजवाडा_इंदूर:
नमस्कार मंडळी. समजा, मध्य प्रदेशच्या पीडब्ल्यूडीत एक कार्यपालन यंत्री (एक्झिक्युटिव्ह इंजिनिअर) आहेत. त्यांची मुलगी कमावती आहे, वेगळी राहते. ती नोकरीला आहे तीच फर्म त्यांच्याकडच्या पुलाच्या टेंडरमध्ये उतरली आहे. त्यांच्या वरिष्ठांना, म्हणजे अधीक्षण यंत्र्यांना, तोंडी विचारलं तर "चालतं, करा सही" एवढंच उत्तर मिळणार. उद्या तक्रार झाली की त्या शब्दाला किंमत किती? बाहेरच्या स्वतंत्र सल्ल्याने खरंच फरक पडतो का?

आवक_जावक:
पडतो, आणि नेमका अशाच प्रकरणात. केंद्राच्या कर्मचाऱ्यांसाठीच्या १९६४ च्या आचरण नियमांत नियम ४ म्हणतो की कुटुंबातलं कोणी त्या फर्ममध्ये असेल तर प्रकरण स्वतः हाताळू नका, वरिष्ठांकडे पाठवा. पण 'कुटुंबा'च्या व्याख्येत मुलांपैकी फक्त पूर्णपणे अवलंबून असलेलीच येतात. मध्य प्रदेशचे १९६५ चे नियमही त्याच वळणाचे आहेत. म्हणजे कमावती मुलगी शब्दशः पाहिलं तर नियमाबाहेर! टेंडर हरलेला ठेकेदार मात्र व्याख्या पाहणार नाही, नातं पाहील. आणि वरिष्ठांना पूल वेळेत हवा असतो, फाइल थांबलेली त्यांनाही नको असते. म्हणून ज्याचं त्या कामात काहीच अडकलेलं नाही, त्याचं मत हवं.

नोटशीट:
विचारायचं ते लेखी, आणि तांत्रिक लिफाफा उघडण्याआधी. एकदा गुण दिले की बाजूला होण्यात अर्थ उरत नाही. नोटशीटवर (फाइलमधल्या लेखी टिपणीत) एवढं यावं: नातं, मुलीचं पद, या टेंडरच्या तयारीत तिचा हात आहे का, तिचा बोनस कामं मिळण्यावर अवलंबून आहे का, टेंडर क्रमांक, आणि साहेबांकडे नेमकं काय आहे (एस्टिमेट, छाननी, एम.बी. म्हणजे कामाचं मोजमाप पुस्तक, बिलं, मुदतवाढ). यातलं एक जरी लपवलं तर सल्ला कागदापुरताच राहतो. अमेरिकेच्या केंद्रीय नियमांत हे स्पष्टच आहे: सगळी माहिती देऊन, प्रामाणिकपणे नीती-अधिकाऱ्याच्या सल्ल्याप्रमाणे वागणाऱ्यावर शिस्तभंगाची कारवाई होत नाही. पण तिथेही ते बोलणं वकिलाशी केलेल्या बोलण्यासारखं गुप्त नसतं, हे विसरू नये.

सर्रास होणारी चूक म्हणजे फाइल हाताखालच्या सहायक यंत्र्याकडे सरकवणं. ज्याची सी.आर. (वार्षिक गोपनीय अहवाल) साहेबच लिहितात, तो मोकळ्या मनाने गुण कसे देईल? फाइल वर जावी किंवा दुसऱ्या डिव्हिजनला, खाली कधीच नाही. आणि काम त्याच फर्मला मिळालं तर एम.बी. आणि बिलांपासूनही दूर राहायचं.

राजवाडा_इंदूर:
पण आपल्याकडे असा सल्लागार आहे कुठे? लोकायुक्तांना विचारता येईल?

आवक_जावक:
मध्य प्रदेशात लोकायुक्त १९८१ च्या कायद्याने आले ते तक्रारींच्या चौकशीसाठी. सल्ला मागायला तिकडे कोण जाईल? कॅनडात २००७ पासून हाउस ऑफ कॉमन्सच्या (संसदेच्या कनिष्ठ सभागृहाच्या) संमतीने नेमलेले हितसंघर्ष आणि नीती आयुक्त सात वर्षांसाठी असतात आणि पदाधिकाऱ्यांना गोपनीय सल्ला देतात. आपल्या दुसऱ्या प्रशासकीय सुधारणा आयोगानेही २००७ मध्ये संसदेच्या दोन्ही सभागृहांसाठी नीती-आयुक्तांचं कार्यालय सुचवलं होतं, सदस्यांना सल्ला देण्याचं काम त्यात होतं. यंत्री-तहसीलदारांना याची गरज त्याहून जास्त आहे, कारण सह्या रोज त्यांच्याच होतात. तोवर नोटशीट शासनाकडे रीतसर पाठवा, आवक क्रमांक घ्या आणि लेखी उत्तर येईपर्यंत त्या फाइलवर सही करू नका.