बोअरच्या पाण्यात लोह आहे, मग कार्बन डॉट्सचा उजेड का घटत नाही?

खानापूर_रसायन
नमस्कार. एमएस्सी प्रोजेक्टसाठी सायट्रिक आम्ल आणि इथिलीनडायअमाइनपासून कार्बन डॉट्स (प्रकाश टाकला की चमकणारे कार्बनचे अतिसूक्ष्म कण) केलेत. ३६० नॅनोमीटरला उत्तेजन दिलं की ४४३ च्या आसपास निळा उजेड येतो. डिस्टिल्ड पाण्यात फेरिक लोह (Fe³⁺) घातलं की तो नीट घटतो. खानापूरकडच्या बोअरच्या पाण्यात मात्र घट जवळजवळ नाहीच, आणि फिनॅन्थ्रोलिननं (लोहाबरोबर रंग देणारं, लोह मोजायचं रसायन) त्याच पाण्यात १.२ मिग्रॅ/लिटर लोह येतंय. नमुना दुसऱ्या दिवशी बेळगावला पोचतो, तोवर तळाशी तांबूस गाळ बसतो. डॉट्ससाठी पाणी ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळतो, फिनॅन्थ्रोलिनसाठी न गाळता आम्लात उकळतो. डॉट्स बिघडलेत काय?

टिळकवाडी_स्पेक्ट्रो
डॉट्स ठीक आहेत, लोह फिल्टरवर अडकलंय. बोअरमधून पाणी वर येतं तेव्हा लोह फेरस (Fe²⁺) रूपात विरघळलेलं असतं. हवा लागली की फेरिक होतं आणि साध्या पीएचला हायड्रॉक्साइड होऊन खाली बसतं. तो तांबूस गाळ म्हणजेच तुमचं लोह. फिनॅन्थ्रोलिनच्या पद्धतीत आम्ल गाळ विरघळवतं आणि हायड्रॉक्सिलअमाइन सगळं फेरस करतं, म्हणून तिथं एकूण लोह दिसतं.

बोअरजवळच ५०० मिलि नमुन्यात १ मिलि संहत नायट्रिक आम्ल घाला. पीएच २ च्या खाली गेलाय का ते पट्टीनं बघा. पाणी जड असेल तर थोडं जास्त लागेल. गाळायचं असेल तर आम्ल घातल्यावर, गाळ पूर्ण विरघळल्यावरच. एक अडचण मात्र राहते: आम्लात फेरस हळूहळूच फेरिक होतं, आणि हे डॉट्स मुख्यतः फेरिकलाच दाद देतात. पेरॉक्साइड घालून घाई करू नका. उरलेलं पेरॉक्साइड फेरसबरोबर हायड्रॉक्सिल रॅडिकल तयार करतं, ते डॉट्सच जाळतं, आणि ती घट तुम्ही लोहाच्या नावावर लिहाल. त्यापेक्षा एका बाटलीत आधी तासभर हवेचे बुडबुडे सोडा, गाळ बसू द्या आणि मग आम्ल घाला.

चिकोडी_लॅब
वरच्या उत्तरात एक भर. १.२ मिग्रॅ/लिटर म्हणजे सुमारे २१ मायक्रोमोलर. १.५ मिलि नमुना आणि १.५ मिलि डॉट्स घेतलेत तर क्युव्हेटमध्ये (मोजणीच्या पारदर्शक नळीत) साडेदहा उरतात. ब्लँकमध्येही (तुलनेसाठीच्या बिनलोहाच्या नमुन्यात) तेवढंच आम्ल हवं, कारण पीएच २ ला डॉट्सचा उजेड लोहाशिवायही कमी होतो. नुसत्या डिस्टिल्ड पाण्याचा ब्लँक घेतलात तर ही सगळी घट लोहाच्या खात्यात जाते.

बोअरच्या पाण्यातले बाकीचे क्षार आणि फॉस्फेट मोजणीत ढवळाढवळ करतात, म्हणून प्रमाण भर पद्धतच वापरा, म्हणजे नमुन्यातच माहीत असलेलं लोह थोडं थोडं घालून मोजा. फेरिक अमोनियम सल्फेट ४८.२ मिग्रॅ, ०.१ मोलर नायट्रिक आम्लात १०० मिलि केलं की १ मिलिमोलर होतं. त्यातले १५, ३० आणि ६० मायक्रोलिटर ३ मिलित घातले की ५, १० आणि २० मायक्रोमोलर भर पडते. डॉट्स फार पातळ केलेत तर ४१० च्या आसपास पाण्याचं रामन शिखर (पाण्यानंच विखुरलेल्या प्रकाशाचं) वर येतं, ते डॉट्सचं समजू नका.

डॉट्स डायलिसिसनं (लहान रेणू बाहेर जाऊ देणाऱ्या पातळ पिशवीत पाण्यात ठेवून) धुतलेत का? उरलेलं सायट्रिक आम्ल फेरिकला धरून ठेवतं आणि मग घट कमी दिसते. १००० डाल्टनच्या पिशवीत एक-दोन दिवस, पाणी वेळोवेळी बदलत ठेवा. नंतर उजेड कमी झाला तरी काळजी नको, लहान चमकदार रेणू बाहेर गेलेले असतात. आमच्या भागात गुळापासून डॉट्स करायचा मोह होतो, पण संवेदकासाठी तो नको: प्रत्येक ढेपेचं रसायन वेगळं, मग कॅलिब्रेशनही दर वेळी वेगळं.

टिळकवाडी_स्पेक्ट्रो
लोहामुळेच घट झाली याची खात्री अशी करा: घटलेल्या नमुन्यात चिमूटभर ॲस्कॉर्बिक आम्ल टाका. फेरिकचं फेरस झालं की उजेड बराचसा परत यायला हवा. तांब्यामुळेही असंच दिसू शकतं, म्हणून तांब्याचा वेगळा नमुना लावून बघा. आणि नमुना स्वतःच प्रकाश शोषून घेतो त्यामुळेही उजेड कमी दिसतो, म्हणून ३६० व ४४३ या दोन्ही ठिकाणी शोषण मोजा. दोन्हींची बेरीज करून निम्मी करा, दहाचा तेवढा घात काढा आणि दिसलेल्या उजेडाला त्यानं गुणा. त्यानंतरही घट उरली तरच ती शमनाची (लोहानं डॉट्सचा उजेड विझवल्याची) म्हणा.

खानापूर_रसायन
डॉट्स करायला ऑटोक्लेव्ह (दाबाखाली तापवायचं बंद भांडं) बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक भागात करून घेतला तर चालेल काय?

चिकोडी_लॅब
बाहेरचं भांडं एसएस ३१६ चं आणि आतलं टेफ्लॉनचं अस्तर घट्ट बसणारं असेल तर चालेल. २५ मिलिच्या अस्तरात १० मिलि पाणी, १.०५ ग्रॅम सायट्रिक आम्ल मोनोहायड्रेट, ३३५ मायक्रोलिटर इथिलीनडायअमाइन, २०० अंशाला ५ तास. दोन तृतीयांशाच्या वर कधीच भरू नका, २२० अंशाच्या वर नेऊ नका, आणि ओव्हनमध्येच रात्रभर गार होऊ द्या. मध्ये लाइट गेली तर ती खेप वेगळी ठेवा, बाकीच्यात मिसळू नका.