तोड्याची बंदूक की चकमकीची? भाषांतरात अडलोय

पोटमाळा : १७व्या शतकाच्या शेवटच्या युरोपातल्या लढायांवरचं एक प्रकरण मराठीत आणतोय. मॅचलॉकला 'तोड्याची बंदूक' लिहिलं तर मुद्रितं तपासणाऱ्या बाई विचारतात, तोडे म्हणजे दागिने मढवलेली का? बरं, फ्लिंटलॉकला 'चकमकीची बंदूक' केलं तर म्हणे पोलिसांची एन्काउंटरवाली वाटते. काय लिहू?

देवगडकर : ठासणीची लिहा की. आजोबांकडे होती, डुकरं हाकलायला, लायसनवाली. सगळ्यांना कळतं.

बखरवाचक : ठासणीच्या दोन्ही हो. ठासणं म्हणजे नळीच्या तोंडातून दारू-गोळी गजानं दाबणं, पेटवायचं कशानं हा प्रश्न वेगळा. तोडा म्हणजे सोऱ्यात भिजवलेली धुमसती दोरी, चाप ओढला की रंजकावर, म्हणजे बार पेटवणाऱ्या बारीक दारूवर टेकते. पाऊस आला की बोंबला, रात्री तो लाल ठिपका शत्रूला लांबून दिसणार, आणि शेजाऱ्याच्या कमरेला दारू नि तुमच्या हातात निखारा म्हणून शिपाई अंतर राखून उभे करावे लागत. गार, म्हणजे ठिणगी पाडणारा चकमकीचा दगड, तोड्याच्या जागी आली तशा रांगा खांद्याला खांदा लावून उभ्या राहायला लागल्या, टोकाला संगीन बसली आणि १७०० च्या आसपास भालेवाल्यांची फौजेतून सुट्टीच झाली. एवढा फरक 'ठासणीची'त कुठे दिसणार?

शुद्धमती : संगीन फारसी, बंदूक अरबी, चकमक तुर्की. यात मराठी कुठाय? 'गारनलिका' का नको?

पोटमाळा : ताई, गारनलिका म्हणजे फ्रीजचा पार्ट वाटतो.

देवगडकर : काडतूस पोर्तुगीज, पिस्तूलही तिकडचंच. सगळं काढलं तर हातात गोफण उरेल.

जुनापेठकर : गारेवरून आठवलं, गारदी त्यावरूनच आलाय असं आमचे एक सर सांगायचे. गारेची बंदूक बाळगतो तो गारदी.

बखरवाचक : छे. फ्रेंच 'गार्द'वरून आला असं मानतात. बुसी या फ्रेंच सेनानीच्या तालमीत कवायत शिकलेलं पायदळ ते. इब्राहिमखान गारदी आधी निजामाकडे, मग पेशव्यांकडे, १७६१ ला पानिपतावर त्याच्याच पलटणी.

जुनापेठकर : पण त्यांच्या हातात गारेच्याच बंदुका असणार ना? मग दोन्ही खरं असू शकतं.

बखरवाचक : हातात होती म्हणून व्युत्पत्ती होत नाही. नाहीतर चोपदार म्हणजे चोप देणारा म्हणा.

शुद्धमती : आणि १७७३ ला गारद्यांनी नारायणराव पेशव्यांना मारलं ते तलवारीनं, मग त्यांना तलवारदी म्हणायचं का?

पोटमाळा : मंडळी, उद्या मजकूर द्यायचाय. तोड्याची ठेवू की नको?

देवगडकर : ठेवा, पुढच्या ओळीत दोरीचं लिहून टाका, बाईंना कळेल. चकमकीचं मात्र बघा बुवा, मीसुद्धा आधी एन्काउंटरच वाचलं.

जुनापेठकर : चोपदार फारसी 'चोब'वरून ना? म्हणजे काठी. मग आपलं चोपणं पण तिथूनच आलं की काय?