'एकोलोकेशन'साठी क्रियापद कोणते वापरावे?

अबोली: मुलांच्या एका पुस्तकाचा अनुवाद करताना 'वटवाघळे अंधारात एकोलोकेशन करतात' या वाक्यावर अडले आहे. 'प्रतिध्वनी-स्थाननिर्धारण' हा शब्द अचूक असला, तरी आठ वर्षांच्या मुलापुढे तो ठेववत नाही. मी 'कानोसा घेत उडतात' असे लिहिले होते, ते संपादकांनी खोडले. कानोसा का चालू नये?

कातळ: संपादकांचे मला पटते. कानोसा आपण गप्प राहून दुसऱ्याच्या आवाजाचा घेतो. तो शब्द गव्हाणी घुबडाला शोभतो, कारण त्याचे दोन कान डोक्याच्या दोन बाजूंना वरखाली असल्यामुळे उंदराची खसखस नेमकी कोठून आली, हे त्याला मिट्ट काळोखातही कळते. वटवाघूळ मात्र स्वतः आवाज सोडते आणि आपटून परत आलेला आवाज ऐकून अडथळा ओळखते. म्हणून 'पडसादाने वेध घेते' असे लिहावे.

सांजवात: 'निर्णयाचे पडसाद उमटले' याखेरीज पडसाद आता मुलांच्या कानावर पडत नाही. रूढ झालेला 'एकोलोकेशन' तसाच ठेवावा.

कातळ: तो शब्द इंग्रजीतही अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञ डोनाल्ड ग्रिफिन यांनी १९४४ साली दोन शब्द जोडून घडवला. त्यांनी जोडलेला चालतो आणि आपण जोडलेला 'पडसादवेध' मात्र कृत्रिम ठरतो, हे मला मान्य नाही.

भरती: त्याआधी वाक्याचा कर्ता तपासावा. वटवाघूळ म्हटले की वडाला उलटे लटकणारे, फळे खाणारे मोठे वाघूळ डोळ्यांसमोर येते आणि ते तर डोळ्यांनी व वासाने वाट काढते. पडसादाची विद्या किडे टिपणाऱ्या लहान जातींची आहे आणि आमच्या घरी त्यांना पाकोळी म्हणत. माजघरात शिरलेली पाकोळी, आजी कंदील मालवून दार उघडेपर्यंत, कपड्यांच्या दोरीपाशी चार बोटांवरून वळताना मी अनेकदा पाहिली आहे. तिचा पंख दोरीला एकदाही लागला नाही.

सांजवात: पाकोळी हा पक्षी आहे! पक्ष्यांवरच्या मराठी पुस्तकांत विळ्यासारख्या पंखांच्या, दिवसभर उडत राहणाऱ्या पक्ष्याचे हेच नाव आहे. मुलांना एका नावाने दोन प्राणी शिकवू नयेत.

भरती: नाव पाख म्हणजे पंख या शब्दावरून आले असावे, त्यामुळे ते दोघांनाही लागू पडते. शिवाय वेंगुर्ल्यासमोरच्या समुद्रातील खडकाळ बेटावर, गुहेच्या काळोखात लाळेची घरटी बांधणारी भारतीय पाकोळी हा पक्षीच आहे आणि तीही पडसादावरच वाट काढते. वटवाघळांचे बहुतेक आवाज आपल्या कानांच्या मर्यादेपलीकडे, वीस हजार हर्ट्झच्या वर असतात, तर हिची टकटक माणसाला ऐकू येते.

सांजवात: मग त्या पक्ष्यासाठी पाकोळी राखून ठेवावी आणि आपल्या माजघरातल्या प्राण्याला वाघूळ म्हणावे.

भरती: आजीने तिला कधीही वाघूळ म्हटले नाही. वाघूळ म्हणजे चिकूच्या बागेत येणारे.