बाळाचं नाव ठेवताना अर्थ बघायचा की नाही?

राजारामपुरीची आत्या
भावाला मुलगा झालाय, आणि बारशाला कानात कुर्र करायचा मान माझा. घरात यादी फिरतेय: रेयांश, आरव, अनय. प्रत्येकासमोर इंटरनेटवरून उतरवलेला अर्थ. आरव म्हणे 'शांत'! संस्कृतात आरव म्हणजे आवाज, आरडाओरडा. अनय म्हणजे अनीती, वाईट वर्तन. रेयांश तर मी पाहिलेल्या एकाही कोशात सापडला नाही. माझं म्हणणं एवढंच, की कोश उघडा, अर्थ बघा, मग नाव ठेवा. ज्यांना पटत नाही त्यांनी बोला.

पेठेतला पैलवान
ताई, पोराला हाक मारायची हाय, परीक्षा घ्यायची न्हाई. आमच्या आज्याचं नाव धोंडीराम. कुणी कोश उघडला हुता? आधीची पोरं जगली न्हाईत, म्हणून ह्याला धोंडा म्हटलं, कुणाची नजर लागू नये म्हणून. दगडू, धोंडूबाई, सगळी त्यातलीच. चीनमधल्या खेड्यांतबी हेच. पोराला 'गौशेंग' म्हणायचे, म्हणजे कुत्र्यानं खाऊन उरलेलं. वाईट शक्तीनं ढुंकूनसुद्धा बघू नये म्हणून. नाव चांगलं असायलाच पायजे, हे खूळ आत्ताचं.

शब्दवेडी
पैलवान, मुलग्यांचं ठीक आहे. मुलींना 'नकुसा' ठेवायचे त्याचं काय? मुलगी नको होती म्हणून नकोशी. सातारा जिल्ह्यात २०११ साली समारंभ करून २८५ मुलींना नवी नावं दिली गेली. हजेरीला रोज 'नकुसा' ऐकणाऱ्या पोरीला जाऊन सांगा, की अर्थाला किंमत नसते म्हणून.

अनयचे बाबा
आत्याबाई, अनय हे राधेच्या नवऱ्याचं नाव आहे. मराठी कवितेत त्याला जागा आहे, म्हणून आम्ही ठेवलं. कोशातला अर्थ एक आणि माणसांच्या मनातला दुसरा असू शकतो. उद्या कर्ण म्हणजे कान म्हणून तेही नाव बाद करणार का?

खेटेकरी
मूळ दुखणं वेगळंच आहे. जोतिबाच्या पायथ्याला राहून आपण कियान, मायरा ठेवतोय. जोतीराम, सर्जेराव, दौलत, हिंमतराव, गुलाबराव ही आपली अस्सल मराठी नावं कुठं गेली? परदेशी नावांचा सोस थांबवा.

मोडीवाला
खेटेकरी, यादी करायच्या आधी विचारायचं तरी! दौलत आणि हिंमत अरबीतून आलेत, गुलाब फारसीतून. अस्सल मराठी म्हणून जी सांगितली त्यातली निम्म्याहून जास्त बाहेरची निघाली. आणि शहाजीराजे? मालोजीराजांनी नगरच्या शाह शरीफ पिराला नवस केला, म्हणून मुलांची नावं शहाजी आणि शरीफजी ठेवली, असं परंपरा सांगते. आपल्या कोल्हापुरात रोज ज्यांचं नाव घेतो ते राजर्षी शाहूही जन्मानं कागलच्या घाटग्यांचे यशवंतराव. १८८४ साली दत्तक आले आणि शाहू झाले. त्या नावाचा कोशातला अर्थ आजवर कुणी विचारलाय? कियानसुद्धा फारसीच आहे, फक्त उशिरा आला.

खेटेकरी
तीनशे वर्षं मुरलेलं नाव आणि काल मोबाईलवर बघितलेलं नाव एकच का?

मोडीवाला
एक नाही. पण मुरायला कधीतरी सुरुवात करावीच लागते की.

पंचांगवाले काका
अर्थाआधी नावरस बघा. आर्द्रा नक्षत्राला कु, घ, ङ, छ ही अक्षरं.

शब्दवेडी
काका, ङ वरून एक नाव सांगा, मी उद्याच मंदिरात पेढे वाटते.

पेठेतला पैलवान
😂 घानात अकान लोकांचं सोपं हाय. शुक्रवारी जन्मला की कोफी, शनिवारी की क्वामे. संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस झालेले कोफी अन्नान शुक्रवारचेच. आपल्याकडंबी सोमवारचा सोमा, मंगळवारचा मंगळू हुताच. डोक्याला ताप न्हाई.

राजारामपुरीची आत्या
पैलवान, तुमचा धोंडीराम माझ्याच बाजूनं बोलतोय. आज्याच्या आईबापांना धोंडा म्हणजे काय ते पक्कं ठाऊक होतं, आणि ठाऊक होतं म्हणूनच ते नाव ठेवलं. नकुसा ठेवणाऱ्यांनाही ठाऊक होतं, म्हणून तर ते नाव इतकं वाईट. आरवला 'शांत' समजून ठेवणाऱ्यांना मात्र आपण काय ठेवतोय तेच माहीत नाही. माझा राग त्यावर आहे. कर्ण बाद नाही, कारण तिथं कुणी फसलेलं नसतं. अनयच्या बाबांनाही माझी हरकत नाही, त्यांनी राधेचा नवरा ओळखून ठेवलंय. आणि दौलत अरबी असली तरी तिचा अर्थ आपल्या प्रत्येक म्हातारीला कळतो.

अनयचे बाबा
हे मान्य. पण घाई कशाला करताय? जन्माची नोंद नावाशिवाय होते. वर्षभरात नाव फुकट घालता येतं, पुढं विलंब शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत.

पेठेतला पैलवान
१५ वर्षं 'ए बाळ्या' म्हणायचं व्हय?

शब्दवेडी
एक राहिलंच. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या कागदपत्रांत बाळाच्या नावानंतर आईचं नाव येतं, मग वडिलांचं. इतकी चर्चा झाली, त्या आईला कुणी विचारलं का?

राजारामपुरीची आत्या
विचारलं तर! आरव वहिनीनंच काढलंय, तिथंच तर सगळा घोळ आहे.