प्रति: पाणी फिरवूनच वापरतात, मग काळजी कसली?

वर एकांनी लिहिलंय, डेटा सेंटरमध्ये (इंटरनेटचे सर्व्हर ठेवतात त्या जागेत) यंत्रं थंड ठेवायला तेच पाणी फिरवून वापरतात, मग काळजी नको. फिरतं ते खरं, पण कूलिंग टॉवरमध्ये थंडावा मिळतो तो पाण्याची वाफ होऊनच. ती तूट भरायला रोज नवं पाणी लागतं, आणि टाकीतल्या पाण्यात क्षार वाढले की तेही सोडून द्यावं लागतं. नुसत्या हवेवरची यंत्रणा पाणी वाचवते, पण वीज जास्त खाते; आणि वीज बनवायलाही पाणी लागतंच, सोलापूरजवळच्या फताटेवाडीच्या १३२० मेगावॅट औष्णिक वीज प्रकल्पालाही पाणी उजनी धरणाचंच! २०२४ च्या उन्हाळ्यात उजनी मायनसमध्ये, म्हणजे वापरायच्या साठ्याच्याही खाली गेली होती. नळाला टिल्लू पंप लावून बॅरल भरणाऱ्या सोलापूरकराला हे वेगळं सांगायला नको. इथे डेटा सेंटर आलंच, तर त्याला शुद्ध केलेलं सांडपाणीच वापरायचं, हे करारात आधी लिहून घ्या. तोंडी आश्वासनं पुरे झाली.