मदत हवी आहे: आईच्या मानेचा बाक सरळ झालाय, शिवणकाम सोडावं का?

नमस्कार मंडळी. आई ५६ वर्षांची, पुण्यात धायरीला घरीच ब्लाउज शिवते. काही महिन्यांपासून मान आखडते, उजव्या अंगठ्यापर्यंत मुंग्या येतात. एमआरआयमध्ये सी५-सी६ची (मानेच्या पाचव्या-सहाव्या मणक्यांमधली) चकती झिजलेली आणि मानेचा नैसर्गिक बाक सरळ झालेला दिसला.

अंगठ्याच्या मुंग्यांचा मेळ बसतो, कारण अंगठ्याकडे जाणारी सी६ची नस त्याच चकतीपाशी बाहेर पडते. माझा गोंधळ बाकाबद्दल आहे. मान पुढे वाकवली की चकतीच्या पुढच्या भागावर दाब वाढतो, हे पटतं. डोकं साधारण ५ किलोचं, आणि ते तासन्तास मशीनवर झुकलेलं. पण एका डॉक्टरांनी सांगितलं की स्नायू आखडल्यामुळेही बाक सरळ दिसतो, आणि झीज तर काहीही न दुखणाऱ्यांच्या एमआरआयमध्येही सापडते. मग बाक गेला म्हणून चकती झिजली, की उलट? दुसरे डॉक्टर म्हणतात, शिवणकाम बंदच करा. आईला ते ऐकवतच नाही, त्या कामात तिचा जीव आहे.

फिजिओथेरपीने कुणाचा बाक परत आलाय का? की दुखणं थांबलं तेवढं पुरे मानायचं? मशीनचं टेबल उंच किंवा तिरकं करून फरक पडला का? सिंहगड रोड, कोथरूड भागात मानेचे व्यायाम वेळ देऊन शिकवणारे फिजिओ सुचवा. हाताची ताकद आणि चाल ठीक आहे, बटणं लावता येतात, हे डॉक्टरांनी तपासलंय. मानेला झटका देणारी मालिश मात्र कृपया सुचवू नका, मला त्याची भीती वाटते.